झालं म्हणजे झालं

बळीराम गजभियांचं इंग्रजीशी कधी भांडण नव्हतं. रोलिंग मिलमधली नोकरी झाली, भिलाईच्या हुडको कॉलनीत घर झालं, पोरीचं लग्न झालं, आणि यातलं काहीही इंग्रजीवाचून अडलं नाही. इंग्रजीने त्यांना त्रास दिला नाही, त्यांनी इंग्रजीला दिला नाही. पण माणूस संतापला की काय करील सांगता येत नाही. कुणी दारू सोडतं, कुणी सख्ख्या भावाशी बोलणं सोडतं, कुणी थेट नगरसेवकाच्या निवडणुकीला उभं राहतं. बळीरामजींनी साठी उलटून गेल्यावर स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला.

संताप आणला तो प्रेमानंद रामटेके यांनी. प्रेमानंद म्हणजे बुद्धविहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी. बँकेत अधिकारी, माणूस कामाचा, विहारासाठी धावपळ करणारा. पण बोलता बोलता चष्मा काढून समोरच्याकडे कनवाळूपणे बघायची त्यांना वाईट खोड. एका रविवारी वंदना आटोपली, चहा झाला, आणि त्यांनी जाहीर केलं की ऑक्टोबरात व्हिएतनामचे एक भन्तेजी नागपूरहून रायपूरला जाताना वाटेत आपल्या विहारात थांबणार आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बळीरामजींनी जरा जास्तच जोरात वाजवल्या, कारण विहारात आमदार येवो, गायक येवो नाहीतर एखादा साहेब येवो, हातात फूल देऊन चार शब्द बोलायचं काम वर्षानुवर्षं त्यांचं होतं. मिल बंद पडल्यापासून तर तेवढं एकच काम त्यांचं म्हणावं असं उरलं होतं.

"या वेळी स्वागत मी करीन," प्रेमानंद म्हणाले, आणि चष्मा काढला. "भन्तेजींना हिंदी येत नाही. इंग्लिशमध्ये बोलावं लागेल. बळीरामजींना उगाच कशाला त्रास?"

उगाच! हा शब्द बळीरामजींच्या डोक्यात गेला. स्वागत नुसतं काढून घेतलं असतं तर ते एक वेळ गप्प बसले असते. पण चारचौघांत कीव? ते ताडकन उभे राहिले.

"मले काईच त्रास नाई," ते म्हणाले. "विंग्रजीत करतो स्वागत. त्याच्यात काय हाय?"

बायकांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. बळीरामजींच्या पत्नी ललिताबाई यांनी पदर तोंडाला लावला. प्रेमानंदांनी चष्मा पुन्हा घातला, म्हणजे विषय व्यवहारावर आला. भाषण ते लिहून देतील, बळीरामजींनी तसंच्या तसं वाचायचं, आणि आदल्या दिवशीच्या तालमीत जमलं नाही तर मुकाट्याने बाजूला व्हायचं, असं ठरलं.

ही बातमी बळीरामजी घरी पोचायच्या आत हुडकोत पोचली. भिलाईत गल्लीत हरेक प्रांताचा एकेक शेजारी असतो आणि प्रत्येकाजवळ दुसऱ्याच्या दुखण्यावर इलाज तयार असतो. भिंतीला भिंत लागून राहणारे भय्याजी वर्मा एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे शिक्षण हा विषय आपल्या खात्यातला, असं ते मानत. "इंग्लिश न्यूज लगाओ और आवाज बंद कर दो," त्यांनी सांगितलं. "सिर्फ होंठ देखो. अंग्रेजी होंठ से आती है." बळीरामजींनी एक अख्खी दुपार ओठ बघण्यात घालवली. चार माणसं चार चौकटींत बसून एकमेकांवर ओरडत आहेत एवढंच त्यांना कळलं, आणि ते तर आवाज चालू असतानाही कळलं असतं.

भिलाई-३ वस्तीतले गुलाबराव हे ललिताबाईंचे मावसभाऊ, रेल्वेतले जुने गार्ड. ते मुद्दाम स्कूटरवर आले. "भाऊजी, विंग्रजी काईच नाई. वॉकीटॉकीवर बोलतो तसं बोलाचं. थोडकं बोलाचं आन शेवटी ओव्हर म्हनाचं. मी उभी जिंदगी तशीच काढली." त्यांनी चहा घेतला, पोहे घेतले, आणि जाताना खरोखरच "ओव्हर" म्हणून गेले. शेवटी ललिताबाईंनीच मार्केटमधल्या क्लासची पाटी दाखवली. कूलर दुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर.

क्लासात शिकणं सोपं होतं, शिरणं अवघड होतं. काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरमध्ये जन्मसाल भरायला गेली तर कॉम्प्युटरमधली सालं एकोणीसशे पंच्याऐंशीला संपत होती. त्याच्या आधी कुणी जन्मलं असेल अशी त्या यंत्राला शंकाच नव्हती. "अंकल, सिस्टम नहीं ले रहा," ती म्हणाली, "पिच्यासी डाल देती हूँ." बळीरामजी खवळले. खोटं वय? का म्हणून? त्यांनी चोरी केली होती की लग्नाला उभे होते? पण सिस्टमपुढे कुणाचं चाललंय. ओळखपत्रावर ते चाळिशीचे झाले. खाली पालकाची सही हवी होती, ती ललिताबाईंनी केली. त्या दिवसापासून घरी चहा मागितला की त्या "आधी अभ्यास करा" म्हणू लागल्या.

शिकवायला होत्या गीतांजली मॅडम. वयाने साक्षीएवढ्या, म्हणजे बळीरामजींच्या मुलीएवढ्या. गोड बोलणाऱ्या पण सुटी न देणाऱ्या. वर्गात बाकी सगळी कॉलेजची पोरं. बळीरामजी पहिल्या बाकावर बसत, कारण मागच्या बाकांवर गुडघे मावत नसत. मॅडमनी प्रेझेंट परफेक्ट टेन्स काढला. काम आत्ता संपलं असेल, आधीच संपलं असेल, कधीच केलं नसेल, अजून व्हायचं असेल, तर वाक्यात कोणता शब्द कुठे बसवायचा, ते फळ्यावर लिहिलं. जस्ट, ऑलरेडी, नेव्हर, येट. मग म्हणाल्या, "रिपीट आफ्टर मी. आय हॅव जस्ट वॉश्ड माय कार."

पोरांनी एका सुरात कार धुतली. बळीरामजी गप्प.

"अंकल, आप भी बोलिए."

"मॅडम, मेरे पास कार नहीं है."

"कोई बात नहीं. सिर्फ बोलना है."

"बिना धोए कैसे बोलूँ?"

पोरं हसली. मॅडमनाही हसू आवरेना. "अंकल, ये तो प्रॅक्टिस है." त्यावर बळीरामजी लालबुंद होऊन म्हणाले, "प्रॅक्टिस ही तो खराब नहीं करनी है, मॅडम!" आणि हाताची घडी घालून बसले. त्या दिवशी सबंध वर्गाने नाश्ता केला, दात घासले, ताजमहाल पाहिला. बळीरामजींनी काही म्हणजे काही केलं नाही.

लोकांना हा हट्ट वाटला. ललिताबाईंना वाटला, भय्याजींना वाटला. हट्ट तो होताच, पण तो कुठून आला ते ठाऊक असलेला एकच माणूस होता, धोंडबा. धोंडबा मिलमधला इलेक्ट्रिशियन, बळीरामजींचा जोडीदार. आता बंद पडलेल्या त्या खासगी मिलमध्ये एकदा धोंडबा मोटरीत हात घालून बसला होता. खाली कुणीतरी विचारलं, "झालं का?" दुसरा कुणी न बघताच म्हणाला, "हो गया." बळीरामजी पलीकडून जिवाच्या आकांताने ओरडले होते, "अजून नाई झालं! तो अजून आतच हाय!" कुणी ऐकलं नाही. बटण दाबलं गेलं. धोंडबाच्या उजव्या हाताला तेव्हापासून दोनच बोटं आहेत, आणि बळीरामजींना तेव्हापासून न झालेल्या कामाला झालं म्हणणारा माणूस सहन होत नाही. भात झाला असं ललिताबाईंनी सांगितलं तरी ते झाकण उचलून बघत आणि बोलणी खात.

तर असा माणूस, आणि मॅडमनी घरचा अभ्यास दिला: जस्ट, ऑलरेडी, नेव्हर आणि येट घालून वाक्यं करा. पोरांनी ती बसल्या जागी केली. बळीरामजींनी मात्र वाक्याआधी काम करायचं ठरवलं. कामांतून वाक्यं निघतील. वाक्यांतून कामं निघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला फार थोर वाटतं. प्रत्यक्षात घराची दैना झाली.

पहिलं वाक्य, "आय हॅव जस्ट पेन्टेड द गेट." विहारातून उरलेला निळा रंग माळ्यावर होता. सकाळी रंगवलं तर संध्याकाळी ते जस्ट राहणार नाही, म्हणून क्लासला निघायच्या तोंडावर त्यांनी फाटक रंगवायला घेतलं. "अरे बळीरामजी, ब्रश ऐसे नहीं चलाते," म्हणत भय्याजी सल्ला द्यायला आले आणि सवयीप्रमाणे फाटकावर कोपर टेकून उभे राहिले. पांढरा सदरा, नवा. दोघांत जे बोलणं झालं ते कोणत्याही टेन्समध्ये बसणारं नव्हतं. बळीरामजी निळ्या हातांनी क्लासात गेले, हात वर करून वाक्य म्हटलं, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा त्यांना आणखी राग आला. काम केलं यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे?

दोन दिवसांनी कॉलनीच्या रहिवासी समितीची नोटीस आली. त्या ओळीतली सगळी फाटकं बदामी रंगाची असावीत असा ठराव आहे, निळं फाटक कॉलनीच्या शोभेला बाधक आहे. नोटिशीखाली सही भय्याजींची, कारण समितीचे सचिव तेच. बळीरामजींनी फणफणत फाटक बदामी केलं. "आय हॅव पेन्टेड द गेट ट्वाइस" हे वाक्य त्यांना फुकट मिळालं, पण ते त्यांनी रागाने वर्गात सांगितलंच नाही.

नेव्हरची तऱ्हा वेगळी. त्याला काम करायला नको, न केलेलं पुरे, म्हणून बळीरामजी निर्धास्त होते. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणून दाखवलं, "आय हॅव नेव्हर क्लीन्ड द फॅन."

"म्हनजे काय वो?"

"म्हनजे मी पंखा कधीच पुसला नाई."

"थे तं मले मराठीतच माहीत हाय," ललिताबाई म्हणाल्या, आणि स्टूल व फडकं घेऊन आल्या. पंखा पुसला गेला आणि वाक्य बाद झालं. त्यांनी दुसरं केलं, मी चादर कधीच घडी केली नाही. तेही बाद झालं. मी कधीच भाजी निवडली नाही. ताबडतोब मेथीच्या दोन जुड्या समोर आल्या. बळीरामजी चिडले, ओरडले, ही अभ्यासात आणलेली आडकाठी आहे म्हणाले. शेवटी त्यांना असं एक नेव्हर सापडलं की जे ललिताबाईंनाही बाद करता येईना. "आय हॅव नेव्हर सीन द सी. समुद्र पाह्यला नाई मी कधी."

ललिताबाई मेथी निवडता निवडता थांबल्या. "मी बी नाई," त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी बळीरामजींनी कुणी न सांगता मेथी निवडून दिली.

असे दोन महिने गेले. बळीरामजींचं इंग्रजी तोकडं राहिलं, पण जे होतं ते त्यांच्या परीने निखालस खरं होतं. सप्टेंबरच्या शेवटी प्रेमानंदांनी भाषण आणून दिलं. अक्षर सुरेख, वाक्यं छोटी. बळीरामजींनी भिंग लावून वाचलं, मॅडमकडून अर्थ समजून घेतला, आणि शेवटच्या वाक्याला त्यांचं पित्त खवळलं. "वी हॅव ऑलरेडी बिल्ट अ लायब्ररी फॉर अवर चिल्ड्रन." आम्ही आमच्या मुलांसाठी वाचनालय उभारलेलं आहे. ऑलरेडी!

वाचनालय म्हणजे विहाराच्या बाजूची खोली. बाबासाहेबांच्या जयंतीला तिच्यावर "वाचनालय" अशी पाटी लागली होती हे खरं. आत मांडवाचे बांबू, पाय मोडलेल्या खुर्च्या, फाटका भोंगा आणि कुणाची तरी उसाच्या रसाची चरखी होती. पुस्तक एकही नाही. बळीरामजी तडक प्रेमानंदांच्या घरी, दूर पद्मनाभपुरात गेले.

"हे मी वाचनार नाई."

प्रेमानंदांनी चष्मा काढला. "बळीरामजी, पाहुणे थोडा वेळ थांबणार. मागच्या खोलीत कोण जातंय? भावना बघा."

"भावना बांबूची हाय तिथी."

"पुढेमागे होणारच आहे ना लायब्ररी?"

"मंग पुढंमागं वाचतो."

प्रेमानंद माणूस वाईट नव्हता. खोली व्हावी असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. पण वाटणं आणि होणं यात बँकेतल्या माणसाला फार फरक दिसत नाही. त्यांनी सांगितलं की भाषण छापायला गेलं आहे, एकही शब्द बदलणार नाही, आणि वाचायचं नसेल तर ते स्वतः वाचायला तयार आहेत. बळीरामजी परत येताना टेम्पोत सगळा रस्ता स्वतःशी पुटपुटत होते. एक तर खोटं बोलून स्वागत करायचं, नाहीतर खरं बोलून मागे बसायचं. घरी येऊन त्यांनी ललिताबाईंना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "गेटासाठी रंग काढला नं? मंग खोलीसाठी झाडू काढा."

फाटक एकट्याचं होतं, खोली साऱ्या वस्तीची होती. बांबू बाहेर काढताच बांबूंचे तीन मालक उगवले आणि आपापसात भांडले. चरखी कुणाचीच निघाली नाही. फुकट घेऊन जा म्हटल्याबरोबर ती चौघांची निघाली. पुस्तकं द्या, असं बळीरामजींनी दारोदार सांगितलं तर लोकांनी माळे रिकामे केले. जुने गाइड आले, गेल्या सालची कॅलेंडरं आली, वॉशिंग मशीन कसं वापरावं याची पुस्तिका आली, आणि एका घरून लग्नाचा अल्बम आला. बळीरामजींनी अल्बम परत नेऊन दिला तेव्हा त्या गृहस्थांनी दरवाजा अर्धाच उघडून विचारलं, "ठेवता नाही का येत तिकडेच?" ललिताबाईंनी बायकांना गोळा केलं, तेव्हा कुठे खरी पुस्तकं दिसू लागली. बाबासाहेबांचे ग्रंथ कापडात गुंडाळून आले. कुणी दिवंगत नवऱ्याची पुस्तकं आणली आणि द्यायच्या आधी एकदा पदराने पुसली.

राहिला उजेड. खोलीत तारच नव्हती. बळीरामजी नव्या कनेक्शनसाठी वीज कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाबूने विचारलं, घरगुती की व्यावसायिक? वाचनालय, बळीरामजी म्हणाले. बाबूने पडद्यावर बोट फिरवलं, वाचनालय नव्हतं. आटाचक्की होती, वाचनालय नव्हतं. मग बाबूने तोडगा काढला, "पहले सर्टिफिकेट ले आइए कि लायब्ररी बन चुकी है." बळीरामजींनी विचारलं, लाइट नसताना बनेल कशी? बाबू म्हणाला, बनली नसेल तर लाइट कशाला? बळीरामजी त्या खिडकीपाशी इतक्या मोठ्याने बोलले की मागच्या रांगेतल्या लोकांनी त्यांना पाणी आणून दिलं.

"सोड बे," धोंडबा म्हणाला. "विहाराच्याच बोर्डावरून तार वढतो मी. दोन बोटं हायेत अजून." पण तार, पट्टी आणि ट्यूबलाइट जमवता जमवता तालमीचा दिवस आला. तालमीत बळीरामजींनी सगळं भाषण बिनचूक म्हटलं, फक्त शेवटचं वाक्य म्हटलं नाही.

"आता काय राहिलं?" प्रेमानंद हैराण झाले. "पुस्तकं आहेत, कपाट आहे."

"लाइट नाई. अंधारात कोन वाचते?"

"ट्यूबलाइट नाही म्हणून लायब्ररी नाही?"

"उद्या धोंडबा लावते. लागली का वाचतो." प्रेमानंदांनी हात टेकले. दुसरा वाचणारा म्हणून कागदाची एक प्रत त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली, आणि ती बळीरामजींना दिसेल अशीच ठेवली.

भन्तेजी वेळेच्या आधी आले. वेळेआधी येणारा पाहुणा वस्तीने कधी पाहिला नव्हता, त्यामुळे पळापळ झाली. धोंडबा तेव्हा वाचनालयात शिडीवर चढलेला, वायर जोडत होता, आणि त्यासाठी त्याने विहाराचा मेन स्विच बंद केला होता. माइकला बॅटरीची पेटी होती म्हणून माइक चालू. पंखे मात्र ठप्प. ऑक्टोबरची दुपार, हॉल गच्च भरलेला. भन्तेजींच्या कपाळावर घाम आला. ते हसतमुखाने बसले होते, पण प्रेमानंद सारखे बंद पंख्यांकडे बघत होते. पहिल्या रांगेत गीतांजली मॅडम बसल्या होत्या, भय्याजी होते, गुलाबरावही होते. बळीरामजींनी फूल दिलं, वाकले, आणि वाचायला लागले. सुरुवात ठीक झाली. गुलाबराव दर वाक्याला मान डोलावत होते.

मंचावरून वाचनालयाचं दार दिसत होतं आणि दारातून शिडी दिसत होती. मेन स्विच होता हॉलच्या दुसऱ्या टोकाला, तिथून शिडी दिसत नव्हती. बळीरामजी शेवटच्या वाक्याशी आले, थांबले, आणि त्यांनी मान वर केली. धोंडबा शिडीवरच होता, उजव्या हाताच्या दोन बोटांत तार. आणि तिकडे प्रेमानंद गर्दीतून वाट काढत मेन स्विचकडे चालले होते. त्यांनी वाटेत कुणाला तरी विचारलं, "झालं का?" आणि तो कुणीतरी, ज्याने वाचनालयाकडे वळूनही पाहिलं नव्हतं, म्हणाला, "हो हो, झालं."

"प्रेमानंदजी, थांबा!" बळीरामजी माइकवरून ओरडले. प्रेमानंदांनी मागे न बघता हात हलवला, म्हणजे तुम्ही वाचा, मी पंख्याचं बघतो. "रुकिए! वो अभी ऊपर है!" प्रेमानंदांनी पुन्हा हात हलवला. बळीरामजींचं हे असं, मध्येच काहीतरी काढतात, हे आता त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांचा हात स्विचकडे गेला.

बळीरामजींच्या डोळ्यांसमोर मिल आली. कागद हातातून गळाला. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

"सर! डोन्ट टच! धोंडबा हॅज नॉट कम डाऊन येट!"

प्रेमानंद जागच्या जागी थिजले. इंग्रजीत कुणी रागावलं की त्यांना शाळेपासून थिजायची सवय असावी. व्हिएतनामचे भन्तेजी, ज्यांना आतापर्यंतच्या गोंधळातलं काही कळलं नव्हतं, ते हे मात्र कळून उठून उभे राहिले, मंचावरून उतरले आणि थेट वाचनालयात जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली.

शेवटची तार जोडून धोंडबा सावकाश उतरला. त्याने आपला हात दारातून बाहेर काढून दोन बोटं वर केली. तेव्हा बळीरामजींनी मान हलवली आणि तेव्हाच प्रेमानंदांनी स्विच दाबला. पंखे फिरले, वाचनालयात ट्यूबलाइट दोनदा लुकलुकून लख्ख लागली, कपाटातली पुस्तकं दिसली. बळीरामजींनी खाली पडलेला कागद उचललाच नाही. माइकजवळ तोंड नेऊन ते म्हणाले, "वी हॅव जस्ट बिल्ट अ लायब्ररी."

मॅडम सगळ्यांच्या आधी उठून टाळ्या वाजवू लागल्या. या टाळ्यांचा बळीरामजींना राग आला नाही. प्रेमानंद परत मंचाकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी चष्मा काढला, पण या वेळी डोळे पुसायला. खिशातली ती प्रत त्यांनी काढून फाडली आणि म्हणाले, "बळीरामजी, मी विचारलं होतं हो. झालं म्हणाले."

"विचाराचं नाई," बळीरामजी म्हणाले, अजून धुमसतच. "पाहाचं."

भन्तेजी रायपूरला निघून गेले. खुर्च्या उचलल्या गेल्या. बळीरामजी आणि धोंडबा वाचनालयाच्या पायरीवर चहा घेत बसले. आत कपाटापाशी ललिताबाई उभ्या होत्या, समुद्राचं चित्र असलेलं कुठलंसं पुस्तक उघडून.

"भाषणात माहं नाव आयकलं मी," धोंडबा म्हणाला. "विंग्रजीत काय म्हनलास माह्याबद्दल?"

"धोंडबा अजून उतरला नाई, म्हनलो."

"एवढंच?" धोंडबाने चहाचा घोट अर्ध्यावर सोडला. "हे सांगासाठी दोन महिने क्लास लावला? गेट रंगवलं, भय्याजीचा सदरा नासवला? हे मराठीत नाई सांगता येत?"

बळीरामजींचा राग पुन्हा उफाळून आला. "मराठीतच तं सांगितलं होतं तवा! मिलमधी! गळा फाटेपर्यंत ओरडलो. कोनं आयकलं बे?"

धोंडबाने आपल्या हाताकडे पाहिलं. ट्यूबलाइटच्या उजेडात तो हात त्याने उलटसुलट करून बघितला, दोन बोटांत कप नीट धरला आणि उरलेला चहा संपवला.

"मंग क्लास सोडू नको," तो म्हणाला.